दीड एमएमची मोकळीक

सुताराची फळी खाचेत ठोकून बसली की काम चोख झालं. माशांच्या टाकीखाली पाणी गाळणारी दुसरी टाकी असते, ती सम्प; वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर जातं. तिच्यात कप्पे पाडणाऱ्या काचेच्या पट्टीचं, म्हणजे आडकाचेचं, उलटं असतं. कुठेही न अडकता आत सरकते आणि सोडली तर जराशी डुलते, ती पट्टी बरोबर मापाची. अंगठ्याने रेटावी लागली तर समजावं की माप चुकलंय. घट्ट काचेच्या कडेला सिलिकॉन शिरायला जागा राहत नाही, ते नुसतं वरून फासलं जातं. त्यातून काचेला काच टेकली की पाण्याचा दाब एखाद्या कपच्यावर एकवटतो आणि तडा तिथून सुरू होतो. काच ठरावीक ताकदीपेक्षा कितीतरी आधी का फुटते, हे ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ साली मांडलं: तिच्या अंगावरच्या बारीक भेगाच ताण गोळा करतात. काच कापणाऱ्याचं सगळं कसब याच दुबळेपणावर चालतं.

माप घेताना सम्पसाठी घेतलेल्या टाकीचं दुकानातलं नाव विसरावं. ‘चोवीस बाय बारा’ म्हणून विकलेली टाकी बाहेरून बारा इंच असेल, तर ५ एमएमच्या दोन काचा वजा जाऊन आत २९५ एमएम उरतात. पण तळाची काच बारा इंचांची कापून बाजू तिच्या कडेला चिकटवल्या असतील, तर आतलं माप ३०५च्याही वर जातं. टेप आत वाकवून वाचलेला आकडा दोन-तीन एमएम सहज खोटा बोलतो. त्यापेक्षा दोन सरळ काड्या एकमेकींवर ठेवायच्या, दोन्ही भिंतींना टेकेपर्यंत लांबवायच्या, जोडावर खूण करायची आणि बाहेर काढून मोजायचं. तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन मापं घ्यावीत, कारण हाताने चिकटवलेली टाकी क्वचितच काटकोनात असते. त्यातलं सर्वांत लहान माप धरून प्रत्येक बाजूला दीड एमएम सोडायचे. २९५ला २९२. योगायोगाने हे बरोबर साडेअकरा इंच होतात, त्यामुळे इंच-सुतात बोलणाऱ्या काचवाल्यालाही एका दमात सांगता येतं. एरवी सुताच्या हिशेबात जपून राहावं. एक सूत म्हणजे ३.२ एमएम, आणि आपली सगळी मोकळीक मिळून तीन एमएमची आहे.

उंची मात्र टेपने नाही, वीज गेल्यावर काय होईल यावरून ठरते. वरची टाकी ३६ बाय १८ इंचांची असेल, तर पंप बंद पडल्यावर तिची पातळी चार सेंटिमीटर उतरली तरी सोळा लिटर पाणी खाली येतं. सम्पचा तळ ६० बाय २९.५ सेंटिमीटर, म्हणजे तिथे पाणी नऊ सेंटिमीटर चढणार. पाइपातलं वेगळंच. सम्पची आतली उंची चाळीस असताना पहिली आडकाच २५ ठेवली, तर वर पाच-सहा सेंटिमीटर हातात राहतात. ‘जास्त पाणी मावेल’ म्हणून ती ३२ केली, तर लोडशेडिंगच्या पहिल्याच रात्री कॅबिनेटची प्लाय फुगते. पहिली आडकाच तळाला चिकटलेली, दुसरी तळापासून तीन सेंटिमीटर वर अधांतरी आणि पहिलीपेक्षा उंच, तिसरी पुन्हा तळाला, २३.५ सेंटिमीटरची. पाणी पहिलीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जातं आणि त्या वळणांत बुडबुडे मागे राहतात. बाष्पीभवनाची घट फक्त शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात दिसते. तो वीस सेंटिमीटर लांब असेल, तर उडालेल्या प्रत्येक लिटरमागे पातळी १७ एमएम उतरते. ऑक्टोबरच्या उन्हात हा कप्पा अरुंद ठेवल्याचा पश्चात्ताप होतो.

आता कापणं. आधी काच कापण्याजोगी आहे का, ते बघावं. जुन्या फ्रिजचा कप्पा किंवा टीपॉयची काच बहुधा टफन, म्हणजे तापवून कडक केलेली असते. तिच्यावर हिरकणी फिरवली की हाती खडीसाखर येते. कोपऱ्यात बारीक शिक्का दिसला तर तो नाद सोडावा. आडकाचेच्या दोन्ही अंगांना पाणी असतं, त्यामुळे दाबाचा फरक थोडाच. ४-५ एमएमची साधी काच पुरते.

सपाट टेबलावर जुनी चादर अंथरावी आणि काच स्वच्छ पुसावी, कारण रेघेच्या वाटेवरचा धुळीचा कणही चाकाला उडवतो. कटरचं चाक आणि आखायच्या पट्टीला घासणारी त्याची कड यांत दोन-अडीच एमएम अंतर असतं. ते कटरागणिक बदलतं, म्हणून आधी रद्दी तुकड्यावर एक रेघ मारून मोजून घ्यावं आणि पट्टी तेवढी अलीकडे धरावी. चाक रॉकेलमध्ये बुडवून एकाच दाबाने, न थांबता, या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचं. रेशीम फाटल्यासारखा सलग सूं आवाज आला की रेघ लागली. खरखर झाली किंवा रेघेवर पांढरा भुगा उडाला तर दाब जास्त झाला. राहिलेल्या जागी पुन्हा चाक फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याने रेघ बळकट होत नाही, कडेला कपच्या उडतात आणि चाकही बोथट होतं. रेघ मारल्यावर चहाला जाऊ नये. लगेच काच रेघेपर्यंत टेबलाच्या काठावर आणून दोन्ही हातांनी खाली आणि जराशी बाहेर ओढावी.

खरी पंचाईत पट्टी दोनच एमएम मोठी निघाली तर होते. तेवढी चिरी कापून निघत नाही. तडा नेहमी कमजोर, म्हणजे अरुंद बाजूकडे वळतो आणि काठ कुरतडल्यासारखा सुटतो. ५ एमएमच्या काचेतून सेंटिमीटरभर पट्टी काढायलाही रुंद तोंडाची पक्कड आणि सवय लागते. त्याहून कमी असेल तर काचवाल्याच्या बेल्ट मशिनवर पाण्याखाली घासून घ्यावी किंवा सरळ नवा तुकडा कापावा. काचेच्या किमतीपेक्षा वेळ महाग पडतो. उलट दोन एमएम लहान पडली तर काहीच बिघडत नाही, ती फट सिलिकॉन भरून काढतं. शंका आली तर माप खालच्या बाजूलाच झुकवावं.

कापलेली धार १२० आणि मग २२० नंबरच्या वॉटर पेपरने घासावी, कायम ओली ठेवून. कोरडी काचपूड छातीत जाऊ देऊ नये. टाकीच्या जुन्या जोडात सिलिकॉनची गोलाई असेल तर आडकाचेचे खालचे कोपरे तेवढे घासून उतरवावेत. ती गोलाई ब्लेडने खरवडताना जोडात घुसू नये, कारण टाकी त्यावरच उभी असते. पण ताजं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याची जागा उघडी, एसिटोनने पुसलेली काच असायला हवी. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं साधं घ्यावं. बुरशीरोधक म्हणून विकलं जातं ते न्हाणीघराला ठीक, माशांना विष.

दोन आडकाचांतली फट तीन सेंटिमीटरची, तिथे हात शिरत नाही. म्हणून आतल्या बाजूची काच आधी चिकटवून तिची रेघ बोटाने साफ करायची, मगच पुढची. मधे थर्माकोलचे सारख्या जाडीचे ठोकळे घातले की काचा सरळ राहतात. दोन दिवस हात लावायचा नाही. मग पंप सुरू करावा, वरची टाकी आपल्या पातळीला आली की पंप चालू असतानाच सम्प आडकाचांच्या काठापर्यंत भरावा, मग बटण बंद करावं आणि सम्पमधलं पाणी चढायचं थांबेल तिथे मार्करने खूण करावी. सम्पच्या काठाच्या खाली पाच सेंटिमीटर राहिले तर मासे आणायला हरकत नाही.