तुम्ही विचारलंत म्हणून : काँग्रेसचे ह्यूम आणि पक्ष्यांचे ह्यूम

शाळा-कॉलेजांत पक्ष्यांच्या स्लाइड दाखवायला जातो, तेव्हा वनपिंगळा या छोट्या घुबडाच्या चित्राखाली ‘ह्यूम, १८७३’ असं, म्हणजे त्याला शास्त्रीय नाव देणाऱ्याचं नाव आणि साल, असतं. मग कोणीतरी हमखास विचारतं, “सर, हे काँग्रेसवाले ह्यूम का?”

हो, तेच. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एक ओळ येते आणि तिच्यात एकही पक्षी नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

१८४९ मध्ये ते बंगालच्या मुलकी सेवेत लागले. इटाव्याला कलेक्टर असताना गावोगाव मोफत शाळा काढल्या. सत्तावनच्या धामधुमीत त्यांचा पहिला पक्षिसंग्रह गेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १८६७ ते १८७० ते मिठाच्या जकातीचे कमिशनर होते. गरिबाच्या मिठावरचा कर वसूल व्हावा म्हणून शेकडो मैल काटेरी कुंपण राखणारं ते खातं. ते काम जुलमीच होतं, आणि ह्यूम आवडतात म्हणून मी ते झाकणार नाही. पण त्याच नाक्यांच्या फिरतीत ते पक्षी टिपत गेले. १८६७ मध्येच सतलजच्या खोऱ्यात त्यांना मोठ्या चोचीचा एक बोरू वटवट्या मिळाला. त्या जातीचा जिवंत पक्षी पुन्हा हाती लागायला २००६ साल उजाडलं, तेही थायलंडमध्ये.

पुढे त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांविषयीचं नियतकालिक काढलं. त्यांचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. देशभर नोकरीनिमित्त विखुरलेल्या माणसांना त्यांनी पत्रं लिहून लिहून कामाला लावलं, आणि ज्याची नोंद त्याच्या नावानेच छापली. आपल्या दख्खनच्या पक्ष्यांवर डेव्हिडसन आणि वेंडेन यांनी त्यातच लिहिलं. मध्य प्रांतातल्या फुलझरहून ब्लुइट यांनी एक घुबड मिळवलं. ह्यूमनी त्याला ब्लुइट यांचंच नाव दिलं. तोच आपला वनपिंगळा.

वरिष्ठांना तोंडावर खरं बोलण्याची किंमत त्यांनी मोजली. १८७९ मध्ये कृषी-महसूल खात्याच्या सचिवपदावरून त्यांना काढलं. सिमल्याच्या घरी संग्रह आणि हस्तलिखितं होती. त्यातून भारतीय पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ व्हायचा होता. ते बाहेरगावी असताना एका नोकराने ती हस्तलिखितं बाजारात रद्दीत विकली. पंचवीसेक वर्षांच्या नोंदी! मी स्वतः तीस वर्षं वह्या भरतोय. हा प्रसंग सांगताना माझा आवाज दर वेळी बसतो.

त्यांनी मग सारा संग्रह, सुमारे ८२ हजार नमुने, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हे साल १८८५. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला ७२ प्रतिनिधी जमले. अधिवेशन खरं तर पुण्यात व्हायचं होतं, पण पटकीची साथ आली. पक्ष्यांवरचं मन उडालं म्हणून ते राजकारणात गेले, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. देशासाठी संघटित व्हा, असं पत्र कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना त्यांनी १८८३ मध्येच लिहिलं होतं. गावोगावच्या माणसांना पत्रांनी जोडून घेण्याची हातोटी मात्र त्यांना पक्ष्यांनीच दिली, असं मी मानतो.

खानदेशात नोकरीला असलेल्या त्या डेव्हिडसननी १८८४ पर्यंत शहाद्याच्या बाजूला वनपिंगळे मिळवले होते. मग शंभरेक वर्षं हा पक्षी कुणालाच दिसला नाही. मधली १९१४ ची एक नोंद होती, ती खोटी निघाली : संग्रहालयातला डेव्हिडसनचाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. ही चोरी उघड झाल्यावर शोध जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा उजेडी, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता.