आमची वाटचाल: कॅमेऱ्याच्या मागची बाजू बघून येणारी कंपनी

आमची कंपनी छोटी आहे, मी, माझा पार्टनर आणि ऑफिस सांभाळणारी एक मुलगी, बाकी सगळे कामापुरते जोडलेले. फिल्म, वेबसिरीज आणि जाहिरातींसाठी परदेशातली लोकेशन्स शोधून द्यायची हे आमचं काम. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, वा, फुकट जग फिरायला मिळतं! फिरायला मिळतं हे खरंय आणि मला ते मनापासून आवडतं, पण कंपनी चालली ती फिरण्यामुळे नाही, आम्ही परत येऊन जो रिपोर्ट देतो त्यामुळे चालली.

आधी मी एका प्रॉडक्शन हाउसमध्ये असिस्टंट होते आणि पार्टनर स्टिल फोटोग्राफर. तिथली रेकीची, म्हणजे शूटआधी जागा बघून येण्याची, पद्धत अशी की जायचं, छान छान फोटो काढायचे, डायरेक्टरला दाखवायचे, त्याला आवडलं की पुढचं लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारा, बघेल. आणि मग शूटच्या दिवशी कळायचं की जनरेटरचा ट्रक त्या वळणावर वळतच नाही, किंवा डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान जातंय त्यामुळे सिंक साउंड, म्हणजे शूट करतानाच आवाज रेकॉर्ड करणं, विसरा, किंवा दुपारी तीननंतर समोरच्या डोंगराची सावली अख्ख्या दरीवर पडते आणि डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन, डोक्याला हात लावून बसतो. जागा सुंदरच असायची, त्यात वाद नाही. पण शंभर माणसं, गाड्या, लाइट्स घेऊन तिथे दिवसभर काम करता येईल का हे कुणी बघितलेलंच नसायचं. म्हणून स्वतःचं सुरू करताना आम्ही एकच गोष्ट ठरवली, प्रत्येक जागेचे फोटो आणि माहितीचे दोन संच द्यायचे, कॅमेऱ्याला जे दिसणार ते आणि कॅमेऱ्याच्या मागे जे आहे ते. म्हणजे रस्ता किती रुंद, पुलाला किती वजन चालतं, युनिट बेस, म्हणजे गाड्या आणि सामानाचा तळ, कुठे लागेल, टॉयलेट कुठे ठेवायचे, जवळचं हॉस्पिटल किती लांब, मोबाइलला रेंज कुठपर्यंत, सूर्य कुठून उगवून कुठे मावळतो, सगळं.

पहिल्या मोठ्या कामांपैकी एक आइसलँडचं होतं. आइसलँड म्हटलं की सगळ्यांना काळी वाळू आणि धबधबे आठवतात, आम्ही आधी कॅलेंडर उघडलं, कारण डिसेंबरमध्ये राजधानी रेक्याविकला जेमतेम चार तास उजेड मिळतो आणि जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, संध्याकाळचा तो सोनेरी उजेड कितीतरी वेळ टिकून राहतो. मग डायरेक्टरला जून द्यावा तर आतल्या डोंगराळ भागातले रस्ते बर्फ वितळल्याशिवाय उघडत नाहीत, काही तर जुलै उजाडेपर्यंत बंद असतात. शिवाय तिथे रस्ता सोडून गाडी घालणं कायद्याने गुन्हा आहे, दंडही जबर, कारण त्या लाव्हावरचं शेवाळ एकदा चाकाखाली गेलं की भरून यायला कितीतरी वर्षं लागतात. एका शेतकऱ्याच्या जमिनीवर आम्हाला सीन हवा होता, तो म्हणाला मे महिन्यात येऊ नका, माझ्या मेंढ्या वितात, ड्रोनच्या आवाजाने बिथरतील. आमच्या क्लायंटला मे हवा होता. आम्ही क्लायंटला सरळ सांगितलं की मे विसरा, आणि शूट पुढे ढकललं गेलं. तोच शेतकरी नंतर आम्हाला शेजारच्या सगळ्या जमिनीवाल्यांकडे स्वतः घेऊन गेला, असे दरवाजे पैशाने उघडत नाहीत हे मी तेव्हापासून ठामपणे मानते.

जॉर्डनमधलं वादी रमचं वाळवंट माझं सगळ्यात लाडकं. लाल वाळू आणि उभे कातळ, कुणालाही मंगळ दाखवायचा असला की तो तिथे येतो. 2011 पासून ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे, देशाचं स्वतःचं रॉयल फिल्म कमिशन 2003 पासून आहे त्यामुळे परमिशनची वाट तशी स्वच्छ. पण वाळू जपणं हे खरं काम. माणसाचा पाय न पडलेली वाळू हवी असेल तर युनिटच्या गाड्या कुठून येणार, जेवण कुठे, कलाकार कुठून फ्रेममध्ये शिरणार, एकेक पाऊल आधी ठरवावं लागतं, नाहीतर पहिल्या टेकनंतर मंगळावर शंभर जणांच्या बुटांचे ठसे. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही कळलं, आमच्या बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीतल्या, ड्रायव्हरने शिकवलं, वारा रात्री कुठल्या बाजूने येतो, कुठले ठसे सकाळपर्यंत पुसले जातात आणि कुठले आडोशाला तसेच राहतात हे तो नुसतं बघून सांगायचा. आमच्या रिपोर्टमध्ये तेव्हापासून वाऱ्याचं वेगळं पान असतं.

मोरोक्कोत वर्झाझात शहरात शूटिंगसाठी सगळं तयार मिळतं, ॲटलस स्टुडिओ 1983 पासून आहे, जवळच ऐत बेनहद्दूचं मातीचं गाव, तिथले लोक एक्स्ट्रा म्हणून काम करून इतके सरावलेत की असिस्टंट डायरेक्टरच्या आधी ते जागेवर उभे असतात. पण तिथे ड्रोन बॅगेत टाकून जाऊ नका, आधी परवानगी नसेल तर एअरपोर्टवरच ठेवून घेतात. कॅमेरे आणि लेन्स न्यायला एटीए कार्नेट नावाचं कागदपत्र काढायचं, म्हणजे सामान परत आणणार या हमीवर कस्टम्सची ड्यूटी भरावी लागत नाही, जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, पण त्यात प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर लागतो आणि सगळे देश ते मानतही नाहीत. ही कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात, पण एक लेन्स कस्टम्समध्ये अडकली तर अख्खं युनिट हॉटेलात बसून राहतं.

पॅरिसचं एक सांगतेच, आयफेल टॉवरच्या दिवसाच्या चित्रावर कॉपीराइट नाही, रात्रीच्या रोषणाईवर मात्र कॉपीराइट आहे, कमर्शियल कामाला परवानगी लागते. बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या मैदानात पावसाळ्यात मिठावर पाणी साचून आभाळाचा आरसा होतो, पण उंची 3,656 मीटर, त्यामुळे आल्या आल्या कुणी शूटला उभं राहू शकत नाही, शरीराला सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो, आणि ते खारं पाणी गाड्या आणि ट्रायपॉड खातं.

आणि हे सगळं करूनही निसर्ग आपल्या मनाचा. मॅड मॅक्स फ्युरी रोड या सिनेमाचं उदाहरण आम्ही प्रत्येक नव्या क्लायंटला देतो, ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला शूट ठरलं होतं, तिथे इतका पाऊस झाला की वाळवंटात फुलं उमलली आणि अख्खं शूट 2012 मध्ये नामिबियात न्यावं लागलं. म्हणून आमच्या रिपोर्टमध्ये पर्यायी जागा असतेच, ती पण तेवढीच नीट बघून आलेली.

थायलंडच्या माया बे या खाडीबद्दल मात्र मला राग येतो. 2000 मध्ये आलेल्या 'द बीच' या सिनेमासाठी तिथला किनारा मशीन लावून बदलला, नारळाची झाडं आणून लावली, त्यावर कोर्टात वर्षानुवर्षं केस चालली. नंतर सिनेमा बघून पर्यटकांचे लोंढे आले, प्रवाळ मेलं, 2018 मध्ये ती खाडी बंद करावी लागली आणि थेट 2022 च्या जानेवारीत उघडली. जागा शोधणाऱ्याची जबाबदारी पॅकअपला संपत नाही असं मला वाटतं. यावरून आमची दोन कामं गेली आहेत, जाऊ देत.

2020 मध्ये सगळं थांबलं तेव्हा आमच्याकडे येणारा पैसाही थांबला. त्या काळात जुन्या रेकींचं सगळं मटेरियल, 360 अंशातले फोटो, आवाजाचे नमुने, नकाशे, नीट लावून घेतलं आणि घरी बसलेल्या डायरेक्टर्सना व्हिडिओ कॉलवर जागा फिरवून दाखवायला लागलो. तिथल्या लोकल फिक्सर, म्हणजे स्थानिक व्यवस्था लावून देणाऱ्या, लोकांनी फोन हातात धरून आमच्यासाठी डोंगर चढले, त्यांचं मोल कितीही केलं तरी कमीच. आता एलईडी वॉलवर, म्हणजे भिंतीएवढ्या स्क्रीनवर, बॅकग्राउंड दाखवून स्टुडिओतच शूट करतात, लोक विचारतात तुमचं काम संपणार का, उलट त्या वॉलसाठी खरी जागा स्कॅन करून आणायला आम्हालाच पाठवतात, आता कॅमेऱ्यासोबत स्कॅनर पण उचलावा लागतो एवढंच.

सध्या नामिबियातल्या कोलमान्सकोपची तयारी चालू आहे. हिऱ्यांच्या खाणीमुळे वसलेलं आणि 1956 पर्यंत रिकामं झालेलं गाव, घरांमध्ये कमरेपर्यंत वाळू भरलीय. आत जायला परमिट लागतं ते आलंय. दुपारी वारा जोरात सुटतो म्हणून घरांचा आतला भाग सकाळीच बघायचा. डायरेक्टरने अकरा खोल्यांची यादी दिलीय, प्रत्येक खोलीत वाळूवर पाय पडला की ती पुन्हा तशी होत नाही, त्यामुळे जायच्या आधी त्याला विचारलंय की यातल्या खरोखर किती खोल्यांमधून माणूस चालत जाणार आहे आणि किती नुसत्या दारातून दिसल्या तरी चालतील. उत्तराची वाट बघतोय.