नेट तुटण्याचं कारण सापडलं
आज सबंध दिवस नेटच्या मागे गेला. थोड्या थोड्या वेळाने कनेक्शन बंद पडायचं, राउटर बंद-चालू केला की तेवढ्यापुरतं परत यायचं. केबलही बदलून पाहिली. संध्याकाळी लक्षात आलं, लॅपटॉपवर क्यूबिटटॉरेंट (टॉरेंटच्या फाइली उतरवणारं आणि इतरांना पाठवणारं सॉफ्टवेअर) मागे चालूच होतं! मूळ सेटिंगमध्ये ते एका वेळी 500 पर्यंत कनेक्शन उघडतं. राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो; साध्या राउटरची ही नोंदींची जागा त्यातच भरू शकते, मग नवीन पान उघडणार कुठून? शिवाय अपलोडला मर्यादा नव्हती. अपलोड तुंबलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही (डेटा मिळाला हे समोरच्याला कळवणारे छोटे संदेश) अडकतात, हे मला खरंच माहीत नव्हतं. कनेक्शन 100 वर आणली, अपलोड लाइनच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांवर बांधलं. मग आईशी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास बोललो, एकदाही आवाज तुटला नाही.