पातेल्यातल्या तारा

परवा गॅसवर पातेलं ठेवलं होतं. आई डोकावली, "काय शिजवायलास रे?" म्हटलं, बेस गिटारच्या तारा. ती काही बोलली नाही. पण ते पातेलं तेव्हापासून दुधाला लागलेलं नाही.

करणार काय? परभणीत मला बेसच्या तारा मिळालेल्या नाहीत. दुकानदार साध्या गिटारचा सेट पुढं करतो अन् वर "चालतंय की" म्हणतो. मागवायच्या तर चार तारांना खिसा रिकामा. त्यात मे महिन्याचा घाम! राउंडवाउंड, म्हणजे वर गोल तार गुंडाळलेल्या, तारांच्या पीळाच्या खाचांत मळ बसतो अन् महिन्याभरात तार मुकी होते. दहा मिनिटं उकळायच्या, लगेच खडखडीत वाळवायच्या, नाहीतर गंजतात. खणखणीतपणा परत येतो, पण चारच दिवस.

तसा तो मला फारसा लागतही नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंड, म्हणजे वर चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा वाजवायचा अन् तुटल्याशिवाय बदलायचा नाही. आमच्या भजनात पखवाजाखाली असाच गोल, दबका आवाज शोभतो.

खरी कटकट अँपमधून येणाऱ्या गुणगुणीची. माझा बेस जॅझ पद्धतीचा, दोन सिंगल कॉइल पिकअपचा (पिकअप म्हणजे तारेची थरथर टिपणारं, चुंबकावरचं वेटोळं). दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण गप्प, कारण एकाची गुंडाळी अन् चुंबक दुसऱ्याच्या उलट. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या टोकाचा, जरा कमी केला की सुरू. अन् ऐन अभंगात लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला, की माझ्या अँपमधून आधी भुंगाच आळवणी करतो. बुवा माझ्याकडं बघतात. मी पखवाजवाल्याकडं बघतो.