कागद फाडला म्हणून पाइप राहिले

मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर, म्हणजे पाइपांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिक ताणलेल्या शेडवर, मी सुपरवायझर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. घाटाच्या वर आपल्याला काय होणार, अशा समजुतीत सगळे होते. तसंही मार्चपासून लॉकडाऊन, फुलबाजार बंद. रोज पहाटे फुलं तोडायची आणि उकिरड्यावर टाकायची. न तोडून चालत नाही, पुढची फूट खोळंबते.

सकाळीच बाजूचे पडदे खाली घेऊन आवळून बांधले. वरच्या व्हेंटचं, म्हणजे हवा खेळायला छतात उघड्या ठेवलेल्या फटीचं, मात्र काही करता येईना. आमच्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून व्हेंटचं तोंड पूर्वेला ठेवतात. आणि त्या दिवशी दुपारी वारा सुटला तो नेमका पूर्वेकडून! थेट आत शिरायला लागला. शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे छताचा कागद टम्म फुगला. कागद म्हणजे २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक. ते पत्र्याच्या पट्टीत नागमोडी स्प्रिंगने घट्ट बसवलेलं असतं, सहजासहजी सुटत नाही. ते सुटलं नाही की मग फाउंडेशनसकट पाइप उपटतात. गटाराजवळचा (गटार म्हणजे छताच्या दोन कमानींमधली पावसाच्या पाण्याची पन्हळ) एक खांब डोळ्यांदेखत हलायला लागला होता.

"अण्णा, कागद फाडू?"

"विचारतोस काय, फाड!"

मालकाचा शब्द मिळाला. गटारावर कुणाला चढू दिलं नाही, तिथून पडलं की संपलंच. बांबूला कोयता बांधला आणि आतूनच, वाफ्यांमधल्या वाटेवर उभं राहून छताला लावला. पहिली चीर पडली आणि पुढचं काम वाऱ्यानेच केलं. कागद टरटरत शेवटपर्यंत गेला, स्प्रिंगा तटातट उडाल्या. आम्ही डोकी झाकून बाहेर पळालो. एक कमान वाकली, बाकी सांगाडा जागेवर राहिला. कागद पुन्हा घालता येतो, पाइपचा खर्च झेपत नाही.

नंतर पंचनाम्याला माणूस आला. त्याच्या कागदावर एक रकाना घरांचा, दुसरा पिकांचा.

"हे कशात धरायचं?" तो म्हणाला.

आम्ही बोलताना पॉलिहाऊस म्हणतो, सरकारी कागदावर तेच हरितगृह, कुणी ग्रीनहाऊस म्हणतं. तिन्हींत घर आहेच की! "मग घरात लिहा," अण्णा म्हणाले. तो हसला, पण लिहिलं नाही. पिकाच्या रकान्यात गुलाब टाकला, सांगाड्यापुढे रेघ मारली.

पावसाळाभर झाडं उघड्यावर भिजली. डाउनी रोगाने पानं झडली, कळ्या कुजल्या. पाऊस सरल्यावर नवा कागद चढवला. त्या वेळी वरच्या व्हेंटलाही गुंडाळता येणारा पडदा बसवून घेतला, खालून गिअर फिरवला की बंद.