तुम्ही विचारलंत म्हणून: गचपणासाठी बनवून घेतलेला रॉड

माझ्या हातातला मासेमारीचा रॉड बघून पाण्याकाठी भेटलेला अनोळखी माणूसही दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "हा कुठल्या कंपनीचा?" कुठल्याच नाही, बनवून घेतलाय, असं म्हटलं की लगेच दुसरा: "तयार रॉड ढिगाने मिळतात, मग बनवून कशाला? आणि आम्हाला घ्यायचा झाला तर कारागिराला सांगायचं काय?" तिथे उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तेवढ्यात कुणाचा तरी फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं नकली आमिष, पानात अडकतो आणि बोलणं तिथेच राहतं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बनवून घेतलेला रॉड आपोआप जास्त मजबूत नसतो. ब्लँक, म्हणजे ती निमुळती पोकळ नळी, बहुतेक कारागीर स्वतः तयार करत नाहीत. ती कारखान्यातूनच येते. कारागीर ठरवतो ते बाकीचं: रील कुठे बसेल, त्यामागे मूठ किती लांब राहील, दोरीच्या कड्या किती आणि कुठे लागतील. मोकळ्या पाण्यात यात थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं. गचपणात खपत नाही.

गचपण म्हणजे कमळाची एकावर एक चढलेली पानं, जलपर्णीची चटई, पाणकणसाचं बेट, बुडालेल्या झाडाच्या फांद्या. मरळ असो की लार्जमाउथ बास, हे मासे अशा ठिकाणी दबा धरून बसतात. मासा आमिष घेतो आणि त्याच झटक्यात खाली, देठांच्या मुळाशी वळतो. तुमच्या हातात फार तर दोन सेकंद असतात. तेवढ्यात त्याचं तोंड तुमच्याकडे फिरलं तर तो पानांवरून घसरत येतो. नाही फिरलं, तर दोन देठांना वेढा बसतो आणि त्यानंतर तुम्ही मासा नाही, झाड ओढत असता. म्हणून इथे रॉडकडून मला एवढंच हवं असतं की पहिल्या दोन सेकंदांत त्याने माशाचं डोकं फिरवावं. मासा खेळवणं, दमवणं या गोष्टी दुसऱ्या पाण्यातल्या.

आता जरा हिशेब करू, कारण मुठीचं सगळं गणित त्यातच आहे. रॉड ही तरफ आहे, पण आपल्या बाजूची नव्हे, माशाच्या बाजूची. समजा वाकलेल्या रॉडचं टोक तुमच्या पंज्यापासून दीड मीटरवर आहे आणि पंज्यामागे मूठ ३० सेंटिमीटर आहे. मासा टोकाशी २ किलोची ओढ देतोय, तर तुमच्या कोपराखाली १० किलोचा दाब येतो. मूठ २२ सेंटिमीटर असेल तर तोच दाब साडेतेरा किलोंच्या वर जातो. खरं वाटत नसेल तर दोरी ताणकाट्याला बांधा, दुसऱ्या माणसाला काटा धरायला सांगा आणि रॉड वाकवून ओढा. मी पहिल्यांदा ओढलं तेव्हा जीव काढूनही काटा अडीच किलोंच्या पुढे सरकला नाही. रीलवर ६५ पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, होता; साधारण साडेएकोणतीस किलोंचा. दोरीच्या ताकदीवर मी इतकी वर्षं खूश होतो आणि त्यातला दहावा हिस्साही माझ्या मनगटातून माशापर्यंत पोचत नव्हता.

म्हणून कारागिराकडे जाताना पहिलं माप घेऊन जायचं ते स्वतःच्या हाताचं. रील धरल्यासारखा पंजा मिटायचा, हात कोपरात वाकवायचा आणि पंज्यापासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं. मुठीचं टोक कोपराच्या जरा आत, हाताच्या खालच्या बाजूला नीट टेकेल एवढी लांबी मला बरी वाटते. त्याहून लांब झाली की फ्रॉग नाचवताना ते टोक बरगडीला लागतं, शर्टात अडकतं. उभ्याने काठावरून टाकणाऱ्याला थोडी जास्त लांबी चालते. बसक्या होडीतून टाकणाऱ्याने मात्र बसूनच माप द्यावं. तयार रॉडची मूठ कुणा सरासरी माणसाच्या हाताची असते, आणि तो सरासरी माणूस मला अजून कुठल्याच पाण्यावर भेटलेला नाही.

रॉडच्या लांबीची एक गंमत सांगतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात डी थॉमस नावाचा मासेमार लव्हाळ्यात बारा फुटांच्या आसपासच्या लांबलचक रॉडने जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, अलगद खाली सोडायचा. स्पर्धेतल्या इतरांनी ओरड केली, रॉडच्या लांबीवर मर्यादा आली. मग त्याने साडेसात फुटी रॉडवर हातात दोरीचा फेर धरून जिग झोक्यासारखी आत सोडायची पद्धत बसवली. तेच फ्लिपिंग. साडेसात फुटांचा आकडा तिथून जो चिकटला तो आजही गचपणाच्या रॉडवर दिसतो. माझ्या रॉडची लांबी ७ फूट ४ इंच आहे. त्यामागे काही शास्त्र नाही. मी बुटका आहे, आणि त्याहून लांब रॉड खाली झटकला की टोक पाण्यावर आपटतं.

आता माझी चूक. पहिला रॉड मी रागाच्या भरात बनवून घेतला. लागोपाठ तीन चांगले मासे देठात गेले होते, म्हणून कारागिराला म्हटलं, असेल नसेल तेवढा ताठ दे. त्याने दिलाही: एक्स्ट्रा हेवी पॉवर, एक्स्ट्रा फास्ट ॲक्शन. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो, हा फरक तेव्हा मला नीट कळत नव्हता. तो टिकाव घेऊन पाण्यावर गेलो आणि पुढच्या दोन महिन्यांत आधीपेक्षा जास्त मासे गमावले.

का, ते नंतर उमगलं. माझा फ्रॉग १५ ग्रॅमचा. एवढ्याशा वजनाने तो रॉड वाकायचाच नाही, त्यामुळे फेक जवळच पडायची. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, टोकालाही लवचीकपणा नाही, म्हणजे माशाने पान फोडून तोंड मिटायच्या आत माझा झटका पोचलेला असायचा आणि फ्रॉग माझ्याच कानाजवळून मागे जायचा. जे लागले, त्यांतले काही काठाशी येऊन सुटले. दोरी ताणत नाही, टोक वाकत नाही, मग मासा डोकं झाडतो तेव्हा सगळा हिसका गळाच्या भोकावर येतो. भोक मोठं होतं आणि गळ पडतो.

म्हणून दुसऱ्या रॉडच्या वेळी मी आकडे सांगितलेच नाहीत, सामान नेलं. खिशातून फ्रॉग काढून टेबलावर ठेवला, रील ठेवली, ब्रेडचं रीळ ठेवलं आणि म्हटलं, हे टाकायचंय. कारागीर हसला, पण त्याचं काम सोपं झालं. टोकाकडचा साधारण पाव भाग वाकेल आणि त्याखाली रॉड घट्ट राहील असा हेवी पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा ब्लँक त्याने काढला. फ्रॉगचा गळ जाड तारेचा असतो, तो आत घुसवायला खालचा भाग घट्टच लागतो. फ्रॉग फेकायला आणि माशाला क्षणभर उसंत द्यायला टोक थोडं मऊ लागतं. आणि तुम्ही जलपर्णीची चटई भेदायला ३० ते ५० ग्रॅमचं वजन खाली सोडणारे असाल, तर माझा पहिला टिकावच तुम्हाला लागेल. एकाच रॉडमध्ये दोन्ही कामं हवीत, असं सांगणाऱ्याला कारागिराने परत पाठवावं, असं माझं मत आहे.

ब्लँकच्या कार्बनबद्दल थोडक्यात. ३० टन, ४० टन हे आकडे तंतूच्या ताठपणाचे आहेत, मजबुतीचे नाहीत. जास्त ताठ तंतू वापरला की नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि रॉड हलका होतो. पण पातळ भिंतीला टोला सहन होत नाही, आणि गचपणात टोले बसतातच. वजन ब्लँकवर आपटतं, रॉड होडीच्या काठावर पडतो. केसाएवढी चीर पडते, दिसत नाही, आणि चार आठवड्यांनी भलत्याच माशावर रॉड कडकन मोडतो. मी मधल्या प्रतीचा, जरा जड ब्लँक घेतो. आयएम६, आयएम७ ही अक्षरं बघून भुलू नका. ती एकाच कंपनीच्या (आधी हर्क्युलिस, आता हेक्सेल) तंतूंची नावं आहेत, साऱ्या दुनियेला लागू होणारी प्रतवारी नव्हे.

बनवून घेण्याचे पैसे खरे वसूल होतात ते कड्यांत. त्या दिवशी कारागिराने ब्लँक भिंतीवरच्या खुंटीत आडवा अडकवला. कड्या अजून धाग्याने बांधलेल्या नव्हत्या, सायकलच्या ट्यूबचे बारीक वेढे देऊन नुसत्या धरून ठेवल्या होत्या. त्यांतून दोरी ओवली आणि टोकाला पाण्याने भरलेली बाटली टांगली. रॉड वाकला. मग तो गुडघ्यावर बसून एका डोळ्याने खालून वर बघत गेला. चौथ्या आणि पाचव्या कडीच्या मध्ये दोरी ब्लँकला घासत होती. त्याने पाचवी कडी अंगठ्याने बोटभर मागे सरकवली, दोरी सुटी झाली, पण आता सहावीपाशी कोन पडला. ती सरकवली. असं अर्धा तास चाललं. शेवटी दोरी ब्लँकच्या वळणाबरोबर गुळगुळीत उतरायला लागली, तेव्हा पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या. जितके फूट लांबी तितक्या कड्या आणि वर एक, असा ढोबळ नियम आहे खरा, पण प्रत्येक ब्लँक आपापल्या परीने वाकतो. बाटली टांगल्याशिवाय त्याच्या कड्यांची जागा कळत नाही. ही चाचणी न करता कड्या बांधणाऱ्या कारागिराकडून मी रॉड घेणार नाही.

कड्या दोन पायांच्या मागा. एका पायाची कडी हलकी असते, पण फांदीत अडकून वाकते. आणि फार बारीक कड्या नकोत. हल्ली त्यांची चलती आहे, वजन वाचतं हे खरं, पण ब्रेडबरोबर शेवाळाचा लगदा येतो, तो बारीक कडीत बुच मारतो आणि दर चौथ्या फेकीला बोटाने उकरत बसावं लागतं.

बेटकास्टिंगच्या रॉडवर रील आणि कड्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे जोराची ओढ आली की अख्खा रॉड मुठीत पालथा व्हायला बघतो. यावर तोड म्हणून काही जण कड्या हळूहळू बाजूने फिरवत टोकाकडे ब्लँकच्या खाली आणतात. दिसायला विचित्र, बघणारे "चुकलंय का?" म्हणून विचारतात, पण मनगटाला आराम पडतो. मी तसा रॉड घेतला नाही. हातात पिळाची सवय बसलीय. मनगट दुखणाऱ्याने मात्र जरूर विचार करावा.

एक सांधा कुणी बघत नाही, तो म्हणजे रील बसते ती सीट. ब्लँक बारीक, सीट रुंद. मधली पोकळी कशाने तरी भरावी लागते. माझ्या पहिल्या रॉडमध्ये ती नुसत्या कागदी चिकटपट्टीचे वेढे देऊन भरली होती, इपॉक्सी गोंद जेमतेम कडेला. एक पावसाळा बरा गेला. मग एक दिवस झटका मारला आणि सीट मुठीतल्या मुठीत टकदिशी फिरली, रील आकाशाकडे न बघता डावीकडे बघायला लागली. मासा अर्थातच गेला. आता मी बांधणीच्या आधीच विचारतो की आत काय घालणार. कडक फोमची किंवा ग्राफाइटची भरणी आणि पोकळीभर इपॉक्सी, असं उत्तर आलं की पुढचं बोलणं.

रॉड ताब्यात घेताना रील लावून बोटावर तोलून बघा. टोक खाली जात असेल तर दिवसभर मनगट ते वजन उचलत राहणार. मुठीच्या बुडात थोडं वजन घालून ते सावरता येतं, आणि हे काम कारागीर पाच मिनिटांत करून देतो. टोकाची कडी गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदाने बसवली आहे ना, तेही विचारा. तीच कडी सगळ्यांत आधी फुटते. आणि एवढं करून मासा आला, की कृपा करून त्याला रॉडने उचलून काठावर घेऊ नका. रॉड उभा झाला की सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि तो मोडतो. वाका, हाताने धरा.

बरेच जण मात्र सगळ्यांत आधी विचारतात ते धाग्याच्या रंगाचं. माझ्या रॉडवर तो लाल आहे. म्हणजे होता. शेवाळ बसून बसून आता नेमका कुठला म्हणायचा, ते मलाही सांगता येत नाही.