हिवाळ्यात टेकडीवर सायकल

हिवाळा सुरू झाला की माझा व्यायाम दरवर्षी मागे पडायचा. धावलं की गुडघे दुखायचे. सपाट रस्त्यावर सायकल चालवायची तर वेगामुळे गार वारा सारखा अंगावर यायचा. डोंगराळ वाटेचं गणित मात्र वेगळं असतं. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटरच्या पुढे जात नाही, त्यामुळे वारा फारसा लागत नाही आणि मेहनत भरपूर होते. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली साधारण पाव पेडलपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता बनून अंगातून बाहेर पडते. उन्हाळ्यात ही उष्णता जीव नकोसा करते, थंडीत मात्र हवीहवीशी वाटते. म्हणून माऊंटन बायकिंगला सुरुवात करायची तर हिवाळ्यातच, असं मी ठरवलं.

सायकल हार्डटेल घेतली. म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनचा आणि मागची चौकट सरळ, घट्ट. नव्या माणसाने पहिल्याच वर्षी फुल सस्पेन्शनच्या, म्हणजे मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलच्या मागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे. तेच पैसे चांगले ब्रेक, चांगले टायर आणि हेल्मेट यांवर घालावेत. माझ्या सायकलला पुढे ३२ दातांची एकच चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चक्र आहे आणि मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचातलं, सर्वांत मोठं चक्र ५१ दातांचं. त्या गिअरमध्ये पेडलची एक पूर्ण फेरी मारली तरी मागचं चाक पाऊण फेरासुद्धा फिरत नाही. इतका हलका गिअर कशाला, असं सपाटीवर वाटतं. पहिला खडा चढ आला की त्याची किंमत कळते.

चढ म्हणजे नुसती ताकद नव्हे, हे शरीराला पटायला वेळ लागला. वाट मुरमाची आणि सुट्या खडीची असेल तर उभं राहून पेडल मारता येत नाही, कारण मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी फिरतं. बसूनच राहायचं, पण सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकून, छाती हँडलकडे झुकवून आणि कोपरं खाली ओढून. असं केलं की पुढचं चाक उचललं जात नाही आणि मागचं पकड सोडत नाही. गिअर चढाच्या आधीच बदलून ठेवायचा. पूर्ण जोर लावलेला असताना बदलला तर चेन कडकडते, कधी उतरते. दम किती लागू द्यायचा, यासाठी मी घड्याळापेक्षा बोलण्यावर भरवसा ठेवते. चार-पाच शब्दांचं वाक्य न थांबता बोलता आलं तर तो वेग बराच वेळ टिकतो. पहिले काही आठवडे मी याच वेगात चढले, आणि मांड्यांपेक्षा फुफ्फुसांना जास्त फायदा झाला असं मला वाटतं.

हिवाळ्यातली खरी कसोटी माथ्यावर लागते. चढताना घाम येतो, आतला कपडा ओला होतो आणि लगेच समोर उतार असतो. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने ओल्या अंगावर थंड वारा बसला की काही मिनिटांत बोटं बधिर होतात. ज्या बोटांनी ब्रेक दाबायचा तीच बधिर झाली तर उतार धोक्याचा होतो. म्हणून निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालायचे, चढाच्या पायथ्याशी अंगातल्या कपड्याची चेन उघडून टाकायची आणि माथ्यावर थांबल्याबरोबर वारा अडवणारं पातळ जाकीट अंगात घालायचं. पाणी प्यायचं असेल, फोटो काढायचा असेल, ते सगळं त्यानंतर. आतला थर सुती नको. सूत घाम धरून ठेवतं. कृत्रिम धाग्याचा थर लवकर वाळतो, लोकरीचा ओला झाला तरी ऊब देतो. थंडीत तहान कमी जाणवते, त्यामुळे पाण्याचे घोट आठवणीने घ्यावे लागतात. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात, म्हणून सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं मी नाकावर कापड घेऊन अगदी सावकाश चालवते. दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

उतारावर दोन्ही पेडल समपातळीत, टाचा खाली, सीटवरून उठून गुडघे-कोपरं सैल. ब्रेकवर प्रत्येकी एकच बोट, बाकीची हँडलवर. सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, पण तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर वापरायचा. खडीच्या वळणात पुढचं चाक अडकलं की माणूस पडतोच. या खेळाचा जन्मच ब्रेकच्या परीक्षेतून झालाय, हे मला फार आवडतं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू झाल्या. उतरेपर्यंत मागच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, हेच नाव पडलं. आजच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला एक बोट पुरतं.

टायरचं थोडं सांगायलाच हवं. घरात २५ अंशांना २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि बाहेर ५ अंश असलं, तर हवा न गळताही दाब सुमारे २५ पीएसआयवर येतो. ट्यूबलेस टायरला तो चालतो, ओलसर मातीवर पकडही वाढते. ट्यूब असेल तर दगडावर आपटून ट्यूब चिमटीत सापडू शकते, म्हणून मी निघायच्या आधी बाहेरच दाब तपासते. संध्याकाळी उशीर होणार असेल तर एक दिवा हँडलवर आणि एक हेल्मेटवर लावते, कारण हँडलचा दिवा वळणापलीकडे पाहत नाही.

आता ओळखीच्या चढावर पूर्वीपेक्षा एक-दोन गिअर जड चालतो आणि वर पोहोचल्यावर श्वास लवकर खाली बसतो. शेवटचं अरुंद वळण मात्र अजून चालतच चढते. तिथे चाक वळणाच्या बाहेरच्या कडेने न्यायचं आणि नजर पुढच्या दगडाऐवजी वळणाच्या टोकाकडे ठेवायची, एवढ्याचाच सराव सध्या चालू आहे.